१३४ पराभव आणि सहा कटिंग

मध्या मुलीकडून क्लीव्हलंडहून परत आल्यापासून ती निळी टोपी डोक्यावरून काढत नाही. डोंबिवलीच्या उकाड्यात, संध्याकाळी साडेसहाला, नाक्यावर. टोपीवर मोठं लाल सी. कुंदाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सी म्हणजे चहा का रे?"

परवा विषय आयपीएलच्या लिलावाचा चालला होता. एकाच मालकाच्या तीन देशांत तीन टीम, हे किती भारी मॉडेल आहे ते शिरीष आम्हाला समजावत होता. शिरीष सेल्समधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून 'टेक-अवे' सांगितल्याशिवाय त्याला वडापाव पचत नाही.

"पोर्टफोलिओ म्हणतात याला," शिरीष म्हणाला. "एक बुडाली तर दुसरी तारते."

"आणि एक तारायला दुसरी बुडवली तर?" मध्यानं टोपी मागे सरकवली. "१८९९. क्लीव्हलंड स्पायडर्स, अमेरिकेतला बेसबॉलचा संघ. १५४ सामने, २० जिंकले, १३४ हरले."

"काहीतरीच," मी म्हणालो. "शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी २०२४ मध्ये १२१ हरून विक्रम केला ना?"

"तो 'आधुनिक' विक्रम. १९०० नंतरचा."

"म्हणजे लाज वाटायला लागली तिथून मोजायचं," कुंदाताई म्हणाल्या.

मध्या सुटला. त्याचा जावई बेसबॉलवेडा, त्यामुळे चार महिने याला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नसावं. फ्रँक आणि स्टॅन्ली हे रॉबिसन बंधू. क्लीव्हलंडचा संघ त्यांचाच. १८९९ उजाडता उजाडता दिवाळं निघालेला सेंट लुईसचा संघही लिलावात त्यांच्या पदरात पडला. सेंट लुईस मोठं शहर, गल्ला मोठा. मग यांनी काय करावं? साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस, झाडून सगळे चांगले खेळाडू तिकडे नेले. मॅनेजरसुद्धा. क्लीव्हलंडला काय उरलं, तर पाटी.

"साय यंग म्हणजे ज्याच्या नावाचं बक्षीस असतं तो?" मी विचारलं.

"तोच. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. ५११ विजय त्याच्या नावावर. आजवर कुणी जवळपास गेलेलं नाही. आणि हंगामाचा पहिलाच सामना कुणाशी, तर सेंट लुईसशी! आपलीच माणसं समोर उभी. १०-१ हरले."

शिरीष चहाचा ग्लास खाली ठेवून सरसावला. तो सरसावला की बबन टपरीतला रेडिओ बारीक करतो.

"इमोशनल होऊ नका. मालकाची बाजू बघा. क्लीव्हलंडला लोक येतच नव्हते..."

"हे मात्र खरं," मध्यानं कबूल केलं. "आणि रविवारी खेळायला बंदी. १८९७ साली रविवारी खेळले म्हणून भर सामन्यातून पोलिसांनी खेळाडूंना उचललं होतं."

"बघा! कामगाराला सुट्टी रविवारी आणि सामना बंद. सेंट लुईसला रविवार चालतो. मग भांडवल कुठे न्यायचं? साधी बिझनेस डिसिजन आहे."

खरं तर मुद्दा बिनतोड होता. शिरीषचा मुद्दा बिनतोड असणं कट्ट्याला परवडत नाही, म्हणून आम्ही सगळे ताईंकडे बघायला लागलो.

कुंदाताई ३२ वर्षं प्रवासी वाहतुकीत हिशेबाला होत्या. कुठे ते सांगत नाहीत, कारण पेन्शन तिथूनच येते.

"या रॉबिसनांचा मूळ धंदा काय?" त्यांनी विचारलं.

"ट्राम. क्लीव्हलंडमध्ये ट्राम चालवायचे. मैदानही स्वतःच्या ट्रामच्या वाटेवरच बांधलं होतं."

"अगंबाई, म्हणजे आमच्यातलाच! मग मला सांगायला नको. चांगल्या गाड्या दुसऱ्या डेपोला द्यायच्या. इकडे खटारा पाठवायचा, तो घाटात बंद पडायचा. चार महिन्यांनी वरून कागद येणार: भारमान नाही, फेरी रद्द. अशा कागदांवर मी नोंदी केल्यात, शिरीष. लोक येत नाहीत म्हणून गाडी वाईट, की गाडी वाईट म्हणून लोक येत नाहीत, हा रकाना त्यात कधीच नव्हता."

शिरीष म्हणाला, "ताई, डेटा..."

"किती लोक आले रे त्या वर्षी?"

"घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८," मध्या म्हणाला. "सामन्याला सरासरी १४५."

"आपल्या सोसायटीच्या सत्यनारायणाला जास्त येतात," मी म्हणालो.

"प्रसाद असतो," ताई म्हणाल्या.

पुढचं मध्यानं सांगितलं ते मला सगळ्यात लागलं. तिकिटातल्या वाट्यातून पाहुण्यांचं हॉटेल-भाडंसुद्धा सुटेना, तेव्हा बाकीच्यांनी क्लीव्हलंडला यायचंच नाकारलं. मग हे वऱ्हाड कायमचं बाहेरगावी. परगावचे ११२ सामने, त्यातले १०१ हरले. पेपरवाले त्यांना भटके, हद्दपार काय काय म्हणायला लागले. एकदा सलग २४ हरले. शेवटच्या ४१ पैकी ४०. जिम ह्यूई नावाचा पिचर होता. त्याच्या नावावर ४ विजय, ३० पराभव. तीस वेळा तो मनुष्य सकाळी उठून बूट बांधून गेला असेल. सोडून दुसरीकडे जाता येत नव्हतं, करारच तसे असत. मालकानं राखला की राखला.

"पण ब्रुकलिननं हेच केलं!" शिरीषला मध्येच आठवलं, म्हणजे त्यानं मोबाइलवर बघितलं. "ब्रुकलिन आणि बाल्टिमोर, मालक तेच. चांगले खेळाडू ब्रुकलिनला नेले आणि अजिंक्यपद मारलं. मॉडेल चुकीचं नाही, एक्झिक्युशन चुकलं."

"बाल्टिमोरचं काय झालं मग?"

"चौथे आले," मध्या म्हणाला. "मॅग्रॉ म्हणून एक तरुण पोरगा ब्रुकलिनला जायला तयारच होईना, गावात त्याचा धंदा होता. तोच मॅनेजर झाला आणि त्यानं उरलेल्यांना घेऊन चौथा नंबर काढला."

"आणि आपले रॉबिसन सगळा मालमसाला सेंट लुईसला नेऊन कितवे?"

"पाचवे."

ताईंनी शिरीषकडे नुसतं बघितलं. "म्हणजे ज्याचं घर लुटलं तो चौथा आणि लुटीचा माल नेला तो पाचवा. टेक-अवे लिहून घे."

शिरीष गप्प बसला असता तर तो शिरीष कसला. "शेवटी लीगनंही तेच केलं ना? १९०० ला बारातले चार संघ बंद. क्लीव्हलंड त्यात होतंच."

"बाल्टिमोरही होतं," मध्या म्हणाला. "चौथे येऊनसुद्धा."

यावर कुणालाच पटकन बोलता आलं नाही. मीच मग जुनं काढलं, कारण इतकी वर्षं ते माझ्या घशात अडकलेलं आहे.

"शिरीष, १९९६ च्या गणपतीतली अंडरआर्म. आपल्या मंडळाच्या अ आणि ब, दोन्ही टीम तुझ्याकडे होत्या. डावखुरा नंदू आमच्या ब मध्ये होता. स्पर्धेच्या आदल्या रात्री तो अ मध्ये कसा गेला?"

"रिसोर्स ऑप्टिमायझेशन."

"आम्ही १४ ऑलआउट झालो!"

"त्यात तुझे किती?"

"शून्य. पण नाबाद."

मध्या हसता हसता खोकला. "यालाच जो क्विन करायला हवा होता. स्पायडर्सचा दुसरा मॅनेजर. पहिल्यालाही जूनमध्ये सेंट लुईसनं उचललं, मग हा आला. जन्म ऑस्ट्रेलियातला, १२ जिंकले, १०४ हरले. आणि त्याचा जोडधंदा काय माहितीये? अंत्यविधीचं सामान."

"मग नेमणूक बरोबर होती," कुंदाताई म्हणाल्या.

शिरीषसुद्धा हसला. तिथेच संपायचं, पण मध्याचं एक शिल्लक होतं. शेवटच्या दिवशी, सिनसिनाटीत, पिचर म्हणून यांनी उभा केला हॉटेलातल्या सिगार विकणाऱ्या पोराला. एडी कोल्ब. १९-३ हरले.

"सिगारवाला?" टपरीतून बबन बाहेर आला. इतका वेळ आम्हाला वाटत होतं, तो दूध बघतोय. "त्या ९६ च्या मॅचला तुमच्या ब टीममध्ये दहाच जण होते. अकरावा कोण होता, आठवतंय का?"

आम्हाला आठवेना.

"मी. दोन ओव्हर टाकायला लावल्या, चहाचं आधण तसंच ठेवून. आणि त्या दिवशीचे सहा कटिंग अजून वहीत आहेत."

शिरीषनं निमूटपणे मोबाइल काढून स्कॅनरकडे धरला.

"आजच्या भावानं," कुंदाताई म्हणाल्या.