ग्लुटेन-फ्री शॉर्टब्रेडबद्दल फिरणारा मजकूर आणि त्यातला एकेक दावा

ग्लुटेन हे गव्हातलं एक प्रथिन, आणि शॉर्टब्रेड म्हणजे भरपूर बटरची खुसखुशीत कुकी. या कुकीच्या ग्लुटेन नसलेल्या प्रकाराबद्दल सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. थोडक्यात असा: ‘ग्लुटेन-फ्री शॉर्टब्रेड कुकीज बिनधास्त खा. मैदा नाही, म्हणून कॅलरी कमी. प्रथिनं आणि फायबर जास्त. रक्तातली साखर वाढत नाही, मधुमेहींनाही चालतात. पोट जड होत नाही. ग्लुटेन तसंही सगळ्यांनाच बाधतं, आजच बंद करा.’ लोक तो आपुलकीनं पुढे पाठवतात, त्यामुळे त्यावर विश्वासही पटकन बसतो. पण यातलं बहुतेक चूक आहे, आणि शेवटचं वाक्य तर नुकसान करणारं आहे.

‘मैदा नाही, म्हणून कॅलरी कमी.’

हे हिशेब मांडूनच बघू. शॉर्टब्रेडचं पारंपरिक प्रमाण वजनानं एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग पीठ असं आहे. १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा घेतला आणि ३० कुकीज पाडल्या असं धरा. साखरेच्या साधारण ३९० कॅलरी, बटरच्या १,४३०, मैद्याच्या १,०९०. एकूण २,९००च्या थोडं वर, म्हणजे एका कुकीला सुमारे ९७. आता मैदा काढून २०० ग्रॅम तांदळाचं पीठ आणि १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घाला. या दोन्हींच्या मिळून कॅलरी होतात १,११० च्या आसपास. कुकीमागे एक कॅलरीसुद्धा वाचली नाही, उलट किंचित वाढच झाली.

असं का होतं, तेही पाहा. मैद्यात साधारण १० टक्के प्रथिन असतं आणि त्यातलं जवळजवळ ८० टक्के ग्लुटेन. एका कुकीत पीठ जातं १० ग्रॅम, म्हणजे ग्लुटेन ०.८ ग्रॅम. त्याच्या कॅलरी तीन. कुकीतून एवढंच बाहेर गेलं, आणि त्या जागी स्टार्च आला.

निम्म्या कॅलरी बटरच्या आहेत, आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. एका कुकीत साधारण ३.४ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यानं हे फॅट २२ ग्रॅमच्या आत ठेवावं. चहाबरोबर तीन कुकीज सहज जातात आणि तेवढ्यातच १० ग्रॅम होतात. यावर पाकिटावरच्या ‘ग्लुटेन-फ्री’ या शब्दाचा काडीचाही परिणाम होत नाही.

एक गोष्ट मात्र शॉर्टब्रेडच्या बाजूनं सांगायला हवी. ग्लुटेन-फ्री पावाला ग्लुटेनचा ताणला जाणारा जाळीदार आधार मिळत नाही, म्हणून त्यात डिंकासारखे घटक, कधी जास्तीचं तेल किंवा अंडं घालावं लागतं. शॉर्टब्रेडमध्ये बटर पिठाच्या कणांवर थर देतं आणि ग्लुटेनची जाळी मुळातच फारशी तयार होऊ देत नाही. तो खुसखुशीतपणा त्यातूनच येतो. म्हणून ग्लुटेन काढल्यावर ही कुकी फार बदलत नाही. ती पहिल्यापेक्षा फार वाईट होत नाही, तशी चांगलीही होत नाही.

‘प्रथिनं आणि फायबर जास्त.’

बरोबर उलटं. मैद्याच्या कुकीत पिठातून सुमारे एक ग्रॅम प्रथिन मिळतं. तांदूळ-कॉर्नफ्लोअरच्या कुकीत ते ०.४ ग्रॅमवर येतं, कारण कॉर्नफ्लोअरमध्ये प्रथिन जवळजवळ नसतंच. फायबर दोन्हींत नगण्य. शिवाय अनेक देशांत गव्हाच्या पिठात लोह आणि फॉलिक अॅसिड मिसळलेलं असतं. ग्लुटेन-फ्री पिठांत ते बहुधा नसतं. सिलिअॅकचं (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराचं) निदान होतं तेव्हा अनेकांच्या अंगात लोह आधीच कमी असतं, त्यामुळे ‘पौष्टिक’ हा शब्द त्यांनाच सगळ्यात जास्त फसवतो.

बदामाच्या पिठाची कुकी असेल तर चित्र बदलतं. प्रथिन आणि फायबर खरोखर वाढतं, पण कॅलरीही वाढतात. बदामाच्या पिठात १०० ग्रॅमला ६००च्या घरात कॅलरी असतात. फायदा झाला तो बदामामुळे. फिरणारा मजकूर हा फरक करतच नाही.

‘साखर वाढत नाही, मधुमेहींना चालतात.’

वरच्या हिशेबात मैद्याच्या कुकीत साधारण ११ ग्रॅम कर्बोदकं येतात, ग्लुटेन-फ्री कुकीत जवळपास १२. तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लोअर, टॅपिओका स्टार्च यांचं शरीरात लवकर ग्लुकोज होतं. बटरमुळे पचन थोडं लांबतं हे खरं, पण बटर दोन्ही कुकीजमध्ये तेवढंच आहे. टाइप १ मधुमेह असलेल्यांत सिलिअॅकचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. म्हणजे कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेणाऱ्या काहींना ग्लुटेन-फ्री खावंच लागतं. त्यांना ‘साखर वाढत नाही’ असं सांगणं धोक्याचं आहे.

‘पोट जड होत नाही.’

काहींना खरोखर बरं वाटतं, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. कारण मात्र वेगळं असू शकतं. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकंही असतात, आणि ती आतड्यात आंबून वायू होतो. २०१८ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी सिलिअॅक नसलेल्या पण ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या लोकांना दिसायला सारखे बार खायला दिले. कशात ग्लुटेन, कशात फ्रुक्टान, कशात दोन्ही नाही. जास्त त्रास नोंदला गेला तो फ्रुक्टानच्या बारनंतर.

‘ग्लुटेन सगळ्यांनाच बाधतं, आजच बंद करा.’

सिलिअॅक आजार जगात साधारण शंभरात एकाला असतो. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाशी त्याचा संबंध मांडला. या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची झीज होते. गव्हाची अॅलर्जी हा वेगळा प्रकार, तीही थोड्यांनाच असते. बाकी बहुसंख्य लोकांना ग्लुटेन सोडून काही मिळवायचं नाही.

आणि ज्यांना ते सोडावंच लागतं, त्यांच्यासाठी प्रमाण किती बारीक आहे ते बघा. आंतरराष्ट्रीय निकषानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सिलिअॅकच्या रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. मैद्याच्या साधारण २० ग्रॅमच्या एका कुकीत ८०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे सव्वा ग्रॅमचा चुरा पुरतो, आणि एकाच ताटलीत ठेवल्यावर चुरा शेजारच्या कुकीला चिकटतोच. ‘ग्लुटेन-फ्री’ ही डाएटची हौस आहे असा समज पसरला की यजमान, बेकरीवाले, घरचे लोक सगळेच ढिले पडतात, आणि भोगतो रुग्ण.

पोटाच्या तक्रारी खरंच असतील तर आधी डॉक्टरांकडे जा आणि गहू खाणं चालू असतानाच सिलिअॅकची रक्ततपासणी करून घ्या. ग्लुटेन आधीच सोडलं तर तपासणीत शोधली जाणारी रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) कमी होतात, आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते, आणि मग खात्री करण्यासाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो.