'एक नाशिककर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं गांडुळं आणि कोंबड्या काय करतात, यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक नाशिककर' लिहितात : "अंगण असलेल्यांचे हे चोचले. फ्लॅटवाल्यांनी कोंबड्या काय गॅलरीत बांधायच्या? गांडुळांना मीठ-तेलाचं उरलेलं चालत नाही, आणि घरात नासतं ते नेमकं तेच. नाशिकच्या मे महिन्यात गांडुळं जगत नाहीत. उंदरांचं काय? लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा, ही नम्र विनंती."

नम्र! टोमणा मारायचा आणि वरून नम्रतेची कोथिंबीर भुरभुरायची. दादा आहात की ताई तेही कळायला मार्ग नाही, पण असो.

पटलं ते आधी सांगते. शीर्षकातलं 'शून्य कचरा' जरा अती झालं होतं, आता 'कमी कचरा' केलंय. झालं समाधान?

आता चोचल्यांकडे वळू. मी वाढले सिडकोत. वडील अंबडला कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घर दीड खोलीचं. मागच्या बोळात जुन्या फळ्या ठोकून आईने खुराडं केलं होतं. भाजीचे देठ, तांदळाची कणी, टरबुजाच्या साली, सगळं कोंबड्यांपुढे जायचं. अंड्यांची टरफलं भाजून, कुटून पुन्हा त्यांनाच. कवचाला कॅल्शियम लागतं हे आईला कुणी शिकवलं नव्हतं, पण टरफल अख्खं टाकलं की कोंबडीला स्वतःची अंडी फोडायची खोड लागते, हे ती शेजारणींना बजावून सांगायची. हिरवट बटाट्याची साल तिने कोंबड्यांपुढे कधी टाकली नाही. अंडी विकत आणायची ऐपत नव्हती म्हणून कोंबड्या होत्या. याला तुम्ही चोचले म्हणता?

निफाडला मामाकडे शेळ्या होत्या. लग्नातला उरलेला भात कुणीतरी कौतुकाने त्यांच्यापुढे ओतला. शेळीच्या पोटात एवढं धान्य एकदम गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं. त्यात एक शेळी गेली. मामी दोन दिवस जेवली नाही. माझा 'अभ्यास' हा असा झालेला आहे. शेळीला साली आणि पाला द्या, भात-पोळी नको, हे लेखात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही तिथवर वाचलंत का?

आज मला अंगण आहे, हो. मखमलाबादकडे, बँकेचे हप्ते फेडून. पण गांडुळांना अंगण लागतं कुठे? भोकं पाडलेली प्लास्टिकची पेटी, तळाला काथ्या आणि वाळला पाला, त्यावर मुरलेलं शेण (ताजं शेण तापतं), वर ओलं गोणपाट. गॅलरीच्या कोपऱ्यात मावतं. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधले लांबच लांब बेड पाहून तुमचा गैरसमज झाला असावा.

बाकीचं थोडक्यात. पारा चाळिशीला टेकतो हे नाशिकमध्ये राहून मला ठाऊक नसेल? आयसेनिया फेटिडा या गांडुळांच्या जातीला 25 अंशांच्या आसपास मानवतं, 35 च्या वर धोका. म्हणून तर पेटी सावलीत ठेवायची आणि गोणपाट सुकू द्यायचं नाही. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. उंदरांसाठी घट्ट झाकण. संपला विषय.

मीठ-तेलाचं म्हणाल, तर गांडूळ कातडीने श्वास घेतं, खारट अन्न त्याला सोसत नाही, हे मी लिहिलेलं आहे. उरलेल्या वरण-भाजीचं करायचं काय? बेताने रांधावं. आमच्याकडे फारसं उरत नाही. उरलंच तर घंटागाडीच्या ओल्या डब्यात जातं, पाथर्डीचा खतप्रकल्प त्यासाठीच आहे ना?

आणि कोंबड्या गॅलरीत बांधा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तोंडात शब्द घालू नयेत.

पुढचा लेख कोंबडीखतावर आहे. ते ताजं असताना त्यातून अमोनिया सुटतो. थेट गांडुळांच्या पेटीत टाकलं तर गांडुळं मरतात, आधी कुजवून घ्यावं लागतं. त्यावरही टीका जरूर करा, पण नाव लिहून. निनावी प्रतिक्रिया यापुढे इथे दिसणार नाहीत.