हानडॉर्फची मंडळी आणि आपली मराठी

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून डोंगर चढून गेलं की अर्ध्या तासात हानडॉर्फ येतं. जर्मन बेकऱ्या, लाकडी खेळण्यांची दुकानं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडं. इथले सगळेच भारतीय पाहुण्यांना एकदा तरी तिथे नेतात, खाणंपिणं करतात, फोटो काढतात आणि परततात. मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की सेंट मायकल्स चर्च लागतं. ऑस्ट्रेलियातली सर्वांत जुनी, 1839 पासून चालत आलेली ल्युथरन मंडळी ही, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या पंथातल्या एका चर्चचा समाज. महाराष्ट्रातले भाषेवरचे वाद इथे बसून वाचताना माझं मन पुन्हा पुन्हा या मंडळीकडे जातं.

वाद सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. 16 एप्रिल 2025 ला राज्य सरकारने शासन निर्णय काढून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. ओरड झाल्यावर जूनमध्ये ‘सक्ती’ शब्द काढून दुसरा निर्णय आला आणि 29 जूनला दोन्ही रद्द झाले. पुढच्याच आठवड्यात वरळीला विजयी मेळावा झाला. त्याच दिवसांत मिरा रोडवर मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्याची चित्रफीत फिरली. माझ्या फोनवरच्या नगरच्या आणि पुण्याच्या नातलगांच्या गटांत दोन्ही गोष्टींचं सारख्याच जोशाने स्वागत झालं. पहिल्या आनंदात मी मनापासून होते. दुसऱ्यात नाही. का नाही, ते हानडॉर्फच्या गोष्टीतून सांगता येईल.

गोष्ट प्रशियात सुरू होते. 1817 साली, ल्युथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेला (रिफॉर्मेशनला) 300 वर्षं झाल्याचं निमित्त साधून राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म याने ल्युथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांना एका चर्चमध्ये आणायचं ठरवलं. पुढे उपासनेची एकच पोथी सगळ्यांवर लादली गेली. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकाने काय म्हणायचं हे आता राजा ठरवणार होता. ज्यांनी ते मानलं नाही, अशा जुन्या वळणाच्या पाळकांच्या जागा गेल्या, काही तुरुंगात गेले. क्लेमझिग गावचे पाळक आउगुस्ट कावेल आपल्या माणसांना घेऊन देश सोडण्याच्या तयारीला लागले. लंडनमध्ये त्यांची गाठ साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीच्या जॉर्ज फाइफ अँगसशी पडली. नव्या वसाहतीला कष्टाळू शेतकरी हवे होते आणि या शेतकऱ्यांना आपल्या पद्धतीने प्रार्थना करण्याइतकी जागा हवी होती. अँगसने प्रवासासाठी कर्ज दिलं.

नोव्हेंबर 1838 मध्ये कावेल आणि त्यांची माणसं पोर्ट ॲडलेडला उतरली आणि टॉरेन्स नदीकाठी त्यांनी दुसरं क्लेमझिग वसवलं. डिसेंबरच्या अखेरीस ‘झेब्रा’ जहाजातून आणखी सुमारे दोनशे जण आले. या जहाजाचा कप्तान डिर्क हान स्वतः जमीनमालकांशी बोलणी करायला गेला आणि त्याने आपल्या उतारूंना डोंगरात जमीन मिळवून दिली. कृतज्ञतेने त्यांनी गावाला त्याचं नाव दिलं. ती जमीन मूळच्या पेरामंक लोकांची होती, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे वाक्य इथल्या जुन्या पुस्तिकांत नसतं, म्हणून मी ते मुद्दाम लिहिते.

पुढची वर्षं फार कष्टाची. हानडॉर्फच्या बायका आणि मुली मध्यरात्री भाजीपाला, लोणी, अंडी घेऊन निघायच्या आणि डोंगर उतरून सकाळी ॲडलेडच्या बाजारात पोचायच्या. परतताना प्रत्येकीने चर्चच्या बांधकामासाठी दोन-दोन विटा आणल्या, असं गावात सांगतात. ती पायवाट आजही राखलेली आहे आणि लोक हौसेने तिच्यावरून चालतात. मीही चालले आहे. उतरतानाच गुडघे बोलायला लागतात. ओझं घेऊन ती चढायची कशी, याची कल्पनाही करवत नाही.

पण मला विटांपेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. मे 1839 मध्ये, म्हणजे उतरून जेमतेम सहा महिने होत असताना, ही माणसं ग्लेन ऑस्मंडला एकत्र बसली आणि मंडळ्यांचा कारभार कसा चालवायचा हे त्यांनी ठरवलं. धड छप्पर नव्हतं, डोक्यावर कर्ज होतं, तरी हे काम त्यांनी पुढे ढकललं नाही. चर्चला लागून शाळा हवी, हेही गृहीतच होतं. 1841 साली गोटहार्ड फ्रिट्शे हे दुसरे पाळक आपली माणसं घेऊन आले. 1842 मध्ये लोबेथाल आणि बेथनी ही गावं उभी राहिली आणि त्याच वर्षी फ्रिट्शेंनी लोबेथालला पाळक तयार करणारी पाठशाळा काढली. (त्याच 1842 साली आमच्या नगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी तिथे आधीच रुजत होती.)

आणि मग ते भांडले. 1846 साली बेथनीच्या सभेत कावेल आणि फ्रिट्शे यांचं बिनसलं. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल कावेलांची जी शिकवण होती ती फ्रिट्शेंच्या बाजूला मान्य नव्हती, आणि मंडळ्यांच्या घटनेवरूनही मतभेद होते. ज्यांनी विश्वासासाठी एकत्र देश सोडला, ते आठ वर्षांत वेगळे झाले. हानडॉर्फमध्ये पुढे सेंट मायकल्स आणि सेंट पॉल्स अशी दोन ल्युथरन चर्च झाली. ऑस्ट्रेलियातले ल्युथरन पंथ एकत्र यायला 1966 साल उजाडलं, म्हणजे 120 वर्षं गेली. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची फूट पाहून हळहळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मला त्या फुटीचं दुःख आहेच, पण तिच्यात एक जिवंतपणाही दिसतो. ही माणसं जर्मनमध्ये फक्त सणाची गाणी गात नव्हती. ती जर्मनमध्ये घटना लिहीत होती, शाळेचा जमाखर्च मांडत होती, लग्नं लावत होती, माती देत होती आणि धर्मशास्त्रावरून हमरीतुमरीवर येत होती. भाषा टिकवायला ती इथे आलीच नव्हती. आपल्या जिवाभावाचं सगळं काम त्यांनी त्या भाषेत केलं, म्हणून ती इथे पाऊणशे वर्षं तगली. आणि त्यांनी इंग्रजीलाही नाकारलं नाही. त्यांच्या शाळांत जर्मनबरोबर इंग्रजी शिकवली जाई, आणि अनेकांनी राणीशी निष्ठेची शपथ घेऊन नागरिकत्व घेतलं होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. 1917 साली साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने कायदा करून 49 ल्युथरन शाळा बंद केल्या. गावांची जर्मन नावं पुसली: हानडॉर्फचं अँबलसाइड झालं, लोबेथालचं ट्वीडव्हेल, क्लेमझिगचं गाझा. या तिन्ही गावांची नावं 1935 मध्ये परत मिळाली, पण भाषा तशी परत मिळाली नाही. रस्त्यात जर्मन बोलायला लोक घाबरू लागले, मग घरात मुलांशी बोलायचं टाळू लागले. दोन पिढ्यांत उपासना इंग्रजीत गेली. मंडळी राहिली, गावात आज ल्युथरन शाळाही आहे.

याच ल्युथरनांच्या वाट्याला आलेली आणखी एक हकिकत मला जास्त अस्वस्थ करते. ऑक्टोबर 1838 मध्ये, कावेल उतरण्याच्या महिनाभर आधी, ड्रेस्डेन मिशनचे क्लामोर श्यूरमान आणि ख्रिस्टियान टाइखेलमान इथे पोचले. ज्या जहाजाने ते आले त्याचं नाव ‘पेस्तनजी बमनजी’, मुंबईच्या वाडिया घराण्यातल्या गृहस्थाचं. या दोघांनी ॲडलेडच्या मूळच्या कौर्ना लोकांची भाषा शिकून घेतली आणि 1839 च्या डिसेंबरमध्ये कौर्ना मुलांसाठी शाळा काढली. शिकवणं कौर्ना भाषेत. 1840 मध्ये त्यांनी त्या भाषेचं व्याकरण आणि सुमारे 2000 शब्दांचा संग्रह छापला. 1845 मध्ये सरकारने ती शाळा मोडली आणि मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. ती भाषा अस्खलित बोलणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी इवारितजी ही स्त्री 1929 मध्ये वारली. आज कौर्ना लोक ती भाषा पुन्हा उभी करत आहेत, आणि त्यांचा मोठा आधार आहे त्या दोन जर्मन पाळकांचं लिखाण.

म्हणून पहिलीच्या वर्गात कुठली भाषा यावी हे एका शासन निर्णयाने ठरू लागलं तेव्हा मी धास्तावले. एका आदेशाने शाळेतून भाषा जाते आणि मग घरातून जाते, हे मी राहते त्या राज्यात दोनदा घडलं आहे. हिंदीविरोधी आंदोलन म्हणजे राजकारण्यांचा खेळ, असं म्हणणाऱ्या माझ्या इथल्या मित्रमैत्रिणींशी मी सहमत नाही. कोणी त्याचा फायदा घेतला असेल. तरीही तो निर्णय रद्द व्हायलाच हवा होता.

पण मिरा रोडचं काय? मी परक्या देशात राहते. माझे उच्चार ऐकून दुकानातला माणूस कधी कधी दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा त्याच्या आवाजातला धीर किंवा अधीरपणा मला लगेच कळतो. मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावी असं मला ठामपणे वाटतं, जशी मी इथली इंग्रजी शिकले. पण 1917 मध्ये रस्त्यात जर्मन बोलणाऱ्याला दरडावणाऱ्यांनाही आपण आपल्या राज्याची भाषा राखतो आहोत असंच वाटत होतं. त्या दरडावण्याने इंग्रजीचं काही भलं झालं नाही. एका दुकानदाराला मारून मराठीचं कुठलं काम वाढलं?

कामच तर कमी होत चाललं आहे. मराठी शाळांचा पट घसरतो, वर्ग बंद पडतात. 2020 मध्ये सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं करणारा कायदा आला, तो योग्यच आहे. पण विषय म्हणून शिकलेली भाषा आणि जिच्यात गणित, भूगोल, भांडण नि हिशेब होतात ती भाषा, यांत फरक आहे. नगरच्या आमच्या मंडळीत मी नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-टाळांवर गात वाढले. बाप्तिस्मा मराठीत, दृढीकरणाचा वर्ग मराठीत, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाची खडाजंगी मराठीत. मराठी ख्रिस्ती असणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

माझा भाचा पुण्यात राहतो, मुलीला पहिलीत कुठे घालू म्हणून विचारत होता. वरळीच्या मेळाव्याला गेला होता तो, आणि मुलीचा अर्ज मात्र इंग्रजी शाळेचाच भरलेला. मी त्याला रागावले नाही. घराजवळची सेमी-इंग्रजी मराठी शाळा एकदा आत जाऊन बघ, शिक्षकांशी बोल, आवडली तर आणखी चार आईबापांना सोबत घे, एवढं सांगितलं. पट वाढला तर तुकडी टिकेल. त्याने अजून ठरवलेलं नाही.

आणि इथे? आमचं मंडळ गणपती थाटात करतं, दिवाळीला नाटक बसवतं. मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग आहे. अशा भाषावर्गांना इथलं राज्य सरकार अनुदानही देतं. पण मंडळाचं इतिवृत्त इंग्रजीत, जमाखर्च इंग्रजीत, कार्यकारिणीच्या ईमेल इंग्रजीत. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: यापुढे इतिवृत्त आणि हिशेब मराठीत लिहावेत, आणि वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी दोघांना दर सभेत लिखाणाला बसवावं. विरोध होणार हे मला माहीत आहे. तरुण सभासद म्हणतील वेळ जातो, लेखापरीक्षकाचं काय करायचं ते विचारतील. त्यांच्या शंका खऱ्या आहेत, त्यांच्यासाठी इंग्रजी प्रत जोडू. बाकीचं भांडण सभेत, मराठीत करू.