मेहुणा: दोन घरांना जोडणारा शब्द

नात्यांच्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा माणूस ‘मेहुणा’ या शब्दापाशी आला की हमखास घुटमळतो, कारण हा शब्द संस्कृत ‘मैथुन’ या शब्दापासून आलेला आहे. ऐकणारेही ओशाळतात आणि विषय चटकन मामा-मावशीकडे वळवला जातो. मला स्वतःला यात ओशाळण्यासारखे काहीही दिसत नाही. दख्खनच्या विवाहपद्धतीचा इतका चोख पुरावा देणारा नात्याचा दुसरा शब्द मराठीत क्वचितच असेल, आणि केवळ संकोचापायी आपण तो पुरावा झाकून ठेवतो, हे मला खटकते.

‘तैला’चे तेल झाले, ‘पानीया’चे पाणी झाले आणि ‘दधि’चे दही झाले. ऐकाराचा एकार, नकाराचा णकार आणि थ, ध यांसारख्या महाप्राण व्यंजनाचा हकार करणाऱ्या याच प्राकृत सवयींनी ‘मैथुना’चे मेहुण झाले. ‘मिथुन’ म्हणजे जोडी, हे राशिचक्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. ‘मैथुन’ म्हणजे त्या जोडीसंबंधीचे. अधिक महिन्यात किंवा कुळधर्माला आपण ‘मेहूण जेवायला सांगितले आहे’ असे म्हणतो, तेव्हा यजमान आणि सवाष्ण अशी जोडी डोळ्यांसमोर येते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. तोच शब्द नात्यात आला की मात्र आपण एकदम सोवळे होतो.

दोन कुळांमधल्या सोयरिकीला तर खुद्द पाणिनीने ‘मैथुनिका’ असे म्हटले आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायातील एका सूत्रात द्वंद्व समासाला वैर किंवा मैथुनिका या अर्थी विशिष्ट प्रत्यय लावण्याचा नियम आहे. वैराचे उदाहरण म्हणून कावळा आणि घुबड यांची ‘काकोलूकिका’ दिली जाते, तर सोयरिकीचे उदाहरण म्हणून अत्री आणि भरद्वाज या दोन कुळांची ‘अत्रिभरद्वाजिका’. वैर आणि सोयरीक यांना एकाच नियमात बसवणाऱ्या त्या वैयाकरणाने लग्नघरातील मानपानाचे रुसवेफुगवे जवळून पाहिले असावेत, असे मला गमतीने वाटते. ते काहीही असो, मेहुणा म्हणजे अशा सोयरिकीने जोडला गेलेला पुरुष, एवढाच या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

खरी मौज पुढे आहे. बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा, असे मराठीत का व्हावे? हिंदीत बायकोचा भाऊ ‘साला’ आणि बहिणीचा नवरा ‘जीजा’ किंवा ‘बहनोई’, असे स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांच्या मानातही मोठा फरक आहे. मराठीने मात्र मुलगी देणाऱ्या घरातील आणि मुलगी नेणाऱ्या घरातील अशा दोन्ही पुरुषांना एकाच शब्दात बसवले. त्यातच जुन्या वापरात मामेभावाला आणि आतेभावालाही मेहुणा म्हणत असत. आज हा तिसरा अर्थ शहरी कानाला चमत्कारिक वाटतो, पण शब्दाची किल्ली त्यातच आहे. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्या पुरुषाचा विचार केला, तर त्याच्या बायकोचा भाऊ हा त्याचा मामेभाऊच असतो. आणि त्या मामेभावाच्या बाजूने पाहिले, तर त्याच्या बहिणीचा नवरा हा त्याचा आतेभाऊ असतो. दोन माणसे, दोन्हीकडून दुहेरी नाते, आणि ते परस्परांना म्हणतात तो शब्द एकच. कृष्ण हा कुंतीच्या भावाचा मुलगा, म्हणजे अर्जुनाचा मामेभाऊ. सुभद्रेच्या लग्नानंतर तोच अर्जुनाच्या बायकोचा भाऊ झाला. कृष्णाला अर्जुनाचा मेहुणा म्हणताना कोणत्या अर्थाने म्हणता, असे विचारण्याची गरजच उरत नाही.

ही पद्धत दक्षिणेची आहे, याची नोंद फार जुनी आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेतील लोकांच्या ज्या पाच खास चाली सांगितल्या आहेत, त्यांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह करण्याचा समावेश आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ या आपल्या कोशात ‘मेहुणिआ’ या प्राकृत शब्दाचे मेहुणी आणि मामाची मुलगी असे दोन्ही अर्थ दिले. कन्नडमधील ‘मैदुन’ आणि तमिळमधील ‘मैत्तुनन्’ हे शब्दही याच कुळातले आहेत. म्हणजे शब्द संस्कृत वळणाचा आणि त्यात भरलेली नात्याची रचना दाक्षिणात्य, असा हा प्रकार आहे.

तरीही मराठी पूर्णपणे दक्षिणेची झाली नाही, आणि हे दाखवणारा शब्द म्हणजे ‘दीर’. कन्नडमध्ये नवऱ्याच्या धाकट्या भावालाही मैदुन म्हणतात, परंतु मराठीने तिथे वैदिक ‘देवृ’पासून आलेला दीर वेगळा राखला, नणंद आणि जाऊ हे शब्दही त्याच जुन्या साठ्यातले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात ठेवले. आपल्याकडच्या अनेक जातींत मामाची मुलगी करून घेण्याची चाल असली, तरी आत्याची मुलगी सहसा करत नाहीत, असे हे मधले वळण आहे. सासरच्या घरातील दीर उत्तरेचा आणि सोयऱ्याच्या घरातील मेहुणा दक्षिणेचा, अशी ही वाटणी एकाच कुटुंबात सुखाने नांदते.

‘साला’ या शब्दाचे मला वाईट वाटते. तो ऋग्वेदात ‘स्याल’ म्हणून येतो, आणि तेही देण्यात हात सैल असणारा माणूस म्हणून. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काने त्याची एक व्युत्पत्ती सुपातून लाह्या घालणारा अशी सांगितली आहे. आजही लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि पुढे नवरदेवाचा कान पिळून मान वसूल करतो. एवढ्या मानाच्या नात्याची हिंदीत शिवी झाली आणि ती शिवी आपणही आयती उचलली. मेहुणीविषयीचे हिंदी वळणाचे पाचकळ विनोदही असेच उसने आहेत.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सख्ख्या भाऊ-बहिणीच्या मुलांचा आपसातला विवाह निषिद्ध नात्यांत धरला आणि रूढी असेल तिथे सूट ठेवली. अशी लग्ने आता कमी होत आहेत आणि ती पुन्हा वाढावीत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण चाल मागे पडली म्हणून शब्दाचा तिसरा अर्थही कोशातून वगळू नये. ‘जुना वापर’ अशी खूण करून तो ठेवावा आणि शेजारी ‘मैथुन’ ही व्युत्पत्ती निःसंकोच छापावी. तसेच बोलताना ‘माझे ब्रदर-इन-लॉ’ म्हणणाऱ्यांनी आपण दिराविषयी बोलतो आहोत की मेहुण्याविषयी, हे निदान आम्हा मराठी माणसांना तरी स्पष्ट सांगावे.