कोटोपाक्सी 'एका दिवसात': रील बघून निघू नका

सकाळपासून तेच एक रील फिरतंय. पोरगा कापडी बुटांत, अंगात सुती हुडी, मागे इक्वेडोरमधल्या कोटोपाक्सी ज्वालामुखीचा पांढराशुभ्र शंकू. आणि मिरवतोय काय, तर काल रात्री ग्वायाकिलला होतो, आज थेट रेफ्युजला, म्हणजे डोंगरावरच्या निवाऱ्याला! खाली बदामांचा पाऊस. डोकंच फिरलं.

अरे, ग्वायाकिल समुद्रसपाटीला आणि होसे रिबास रेफ्युज ४,८६४ मीटरवर. तिथे हवेचा दाब साधारण ५५ टक्के, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजन जेमतेम निम्मा. गाडी काही तासांत वर नेते, शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात. गोम सगळी इथेच आहे. पार्किंगपासून रेफ्युज उंचीने तीनशे मीटरसुद्धा नाही, म्हणून कोणी त्याला चढ मानतच नाही. पण वाट भुसभुशीत राखेची, पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. तास लागतो, लागू द्या. बोलत बोलत चालता येत नसेल तर वेग जास्त झालाय. चढताना नागमोडी वाट धरा, सरळ घसरणीची वाट उतरायला ठेवा.

त्याआधी राजधानी किटोत, २,८५० मीटरवर, किमान दोन-तीन रात्री काढायच्या. आदल्या रात्री दारू नको, झोपेची गोळी नको, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. सहसा १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

रीलमध्ये तो हसत हसत म्हणतो, डोकं फुटतंय! आणि तसाच वर चालत सुटतो. डोकं ठणकलं, मळमळलं की वर जाणं बंद. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर तडक खाली, फोटो गेला खड्ड्यात.

मान्य, बहुतेकांना काही होत नाही. झोपायला खाली येता, हा या सहलीचा मोठा फायदा, तोही मान्य.

आणि त्या एकट्या पोराला तरी काय बोलायचं? जागा आहेच तशी. सकाळी ढग चढायच्या आत पोचलात तर लिंपिओपुंगो तळ्यापाशी वारं पडलेलं असतं आणि अख्खा डोंगर पाण्यात उतरतो. कोणीही वेडं होईल. स्वतःचं स्वतः जायचं तर किटोच्या किटुंबे टर्मिनलवरून लाताकुंगाची बस, पानामेरिकाना हायवेवर पार्कच्या फाट्याला उतरायचं, पुढे पिकअप. भाडं थांबण्यासकट आणि परतीसकट ठरवा, सुट्टे डॉलर जवळ ठेवा. दुपारनंतर बहुधा धुकं आणि वारा.

सुती कपडा घामाने भिजला की वाऱ्यात अंग गारठवतो. लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर वारा अडवणारं जाकीट, हातमोजे, दोन लिटर पाणी. विषुववृत्ताजवळचं ऊन आणि खाली बर्फ, त्यामुळे काळा चष्मा हवाच, आणि सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही.

आता ज्याने खरा संताप आला ते. शेवटी हा पठ्ठ्या त्याच कापडी बुटांनी हिमनदीवर चढून उभा! भेगा ताज्या बर्फाखाली दिसत नाहीत. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दाते), दोर आणि गाइड नसेल तर कडेलाच थांबायचं. ५,८९७ मीटरचं शिखर मध्यरात्री निघून गाइडबरोबरच करायचं असतं, त्याचा या सहलीशी संबंध नाही.

शिवाय हा डोंगर जागृत ज्वालामुखी आहे. १८७७ मध्ये वितळलेल्या बर्फाच्या चिखललोंढ्यांनी लाताकुंगा उद्ध्वस्त केलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुन्हा जागा झाला, २०२२ मध्येही राख उडाली. निघायच्या सकाळी जिओफिसिकोचं, म्हणजे ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेचं, बुलेटिन बघा, वाट बंद असेल तर हुज्जत नको.

उतरताना टूरवाले सायकल देतात. पार्किंगमध्येच दोन्ही ब्रेक दाबून बघा, खडबडीत उतारावर ते एकसारखे धरून न ठेवता सोडून-सोडून दाबा. बोटं बधिर होऊन ब्रेक जाणवेनासा झाला असेल तर सायकल गाडीवर टाका आणि गाडीत बसून या.