आयएसएसएन म्हणजे मान्यता नव्हे

पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय: 'आयएसएसएन असलेले सरकारमान्य जर्नल, दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह.' यातला 'सरकारमान्य' हा शब्द चुकीचा आहे.

जर्नलच्या, म्हणजे संशोधन-नियतकालिकाच्या, मुखपृष्ठावर कोपऱ्यात चार-चार अशा दोन गटांत छापलेले आठ अंक म्हणजे आयएसएसएन. शेवटी कधी कधी इंग्रजी एक्स असतो. तो फक्त आधीचे अंक बरोबर आहेत का हे पडताळण्यासाठी. हा क्रमांक नियतकालिकाची ओळख सांगतो. आतला लेख कुणी तपासला का, हे तो सांगत नाही. आठवडी वर्तमानपत्रालाही तो मिळतो.

'यूजीसीच्या यादीत आहे' हा दुसरा दावा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०१८मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती. त्यानंतर यूजीसीनेच आणलेली मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी, जिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचे, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. म्हणजे आज पारखण्याची जबाबदारी संशोधक, मार्गदर्शक आणि विद्यापीठ यांच्यावरच आहे.

आणि दोन दिवसांत समीक्षण? विषयातला जाणकार लेख वाचतो, आकडे तपासतो, शंका लिहून पाठवतो, लेखक दुरुस्त्या करतो. याला आठवडे, बहुधा महिने लागतात. पैसे भरण्याआधी संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला थेट विचारा: तुमचे नाव इथे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? काहींना खरोखरच माहीत नसते.