थांब, थांब... गेलं!

आमच्या आजीचा हसरा फोटो अख्ख्या नौपाड्यात कुणाकडे नाही. कॅमेरा दिसला की ती रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी बघायची. हसली ती फक्त काकाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, १९९६ साली, पंगतीत, जेमतेम २ सेकंद. त्या कॅसेटची मागेच डीव्हीडी करून घेतली होती. "त्यातून एक फोटो काढ, फ्रेम करून लावू," आई म्हणाली. बटण दाबलं की झालं, असा माझाही समज होता.

व्हिडिओ बघायचं व्हीएलसी उघडलं. आई मागे खुर्ची टाकून बसली. आधी व्हिडिओवाल्याची कलाकारी: नवरी गुलाबातून उगवते, नवरदेव बदामात गरगर फिरतो. मग एकदाची पंगत आली.

"थांब, थांब... गेलं!"

मागे नेलं. या वेळी थांबलो ते नेमका मठ्ठ्याच्या वाटीवर. असं सात-आठ वेळा.

शेवटी बायकोनं 'ई' दाबायला सांगितलं. त्यानं एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकते. (मागे सरकत नाही, चुकलं की पुन्हा मठ्ठा.) सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे त्या हसण्यात ५० आज्या. निम्म्या शिंकायच्या बेतात, काही रडकुंडीला आलेल्या, उरलेल्यांचे डोळे मिटलेले. चालू असताना जे हसणं, ते थांबवलं की दातदुखी!

एक बरी सापडली, तर तिच्या तोंडावर फणी फिरवल्यासारख्या रेघा. या जुन्या व्हिडिओत आधी चित्राच्या एकाआड एक आडव्या रेघा टिपतात आणि उरलेल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. तेवढ्यात आजीनं मान हलवलेली. अर्धी आजी इकडे, अर्धी तिकडे. 'डी' दाबल्यावर दोघी एक झाल्या. लगेच शिफ्ट-एस दाबून फोटो काढला.

पेनड्राइव्ह घेऊन तलावपाळीजवळच्या प्रिंटवाल्याकडे गेलो. "बारा बाय अठरा? साहेब, यात ७२० बाय ५७६ ठिपकेच आहेत. एकदम चोख हवा असेल तर अडीच इंचसुद्धा भरणार नाही." घासाघीस करून पोस्टकार्डाएवढ्यावर तडजोड झाली.

आईनं चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "सुरेख! पण शेजारच्या पानावर नाक कोरतोय तो कोण?"

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

"तेवढा कापून आणतो," मी म्हटलं.

"खबरदार! सासूबाई त्यालाच तर हसतायत."